वरचा चौदा, खालचा नऊ

चिरंजीव धाकटे (सत्तरीला टेकलीस तरी मला तू धाकटीच, त्याला तुझा इलाज नाही आणि माझाही नाही),

तुझ्या ताईचे तुला पोटभर आशीर्वाद. आम्ही इकडे सगळे ठीक आहोत असं आधी लिहायचं असतं म्हणून लिहिते, खरं-खोटं पुढे वाचून तूच ठरव. तुझी मान कशी आहे? सकाळी उठलं की मानेपासून टाळूपर्यंत ठणकतं म्हणून तू कापसाची उशी काढून रबराची आणलीस, असं मागच्या पत्रात होतं. रबराचीने गुण आला का ते कळव. गुडघे, दात, शेजारीण, सगळ्यांची खुशाली सविस्तर लिही, दोन ओळींत उरकू नकोस. मी चौथी शिकलेली बाई चार-चार पानं लिहिते आणि तू सातवीपर्यंत जाऊन कार्डावर भागवतेस.

पत्राला कारण एक नाही, दोन आहेत. एक वर राहतं, एक खाली राहतं, आणि मधे मी.

आमच्या घराचं तुला माहीत आहे, पण तू विसरतेस म्हणून पुन्हा सांगते. यांनी घर बांधलं तेव्हाच ठरवून ठेवलं होतं की थोरला वरच्या मजल्यावर, धाकटा तळमजल्यावर आणि आपण दोघं मधल्या मजल्यावर, म्हणजे दोघांवर सारखं लक्ष राहील. (पुढे हे निघून गेले आणि लक्ष ठेवायला मला ठेवलं. नेहमीचंच आहे. बाजारातसुद्धा पिशव्या माझ्या हातात देऊन पुढे चालायचे.) तेव्हापासून घरात, गल्लीत, वाण्याकडे, सगळीकडे माझ्या मुलांना वरचा आणि खालचा असंच म्हणतात. त्यांच्या बायकासुद्धा म्हणतात. तर पाण्याची टाकी आहे गच्चीवर आणि मोटरचं बटण आहे खालच्याच्या दाराशी. खालच्याने नऊ महिन्यांपूर्वी नवीन न्हाणीघर केलं आणि त्यात छत्रीएवढा शॉवर बसवला. तो सुरू झाला की वरच्याच्या नळाला करंगळीएवढी धार येते, आणि खालचा गाणं म्हणत आंघोळ करतो, म्हणजे अर्धा तास धरून चाल. एक दिवस वरचा अंगाला साबण लावून उभा असताना पाणी गेलं. तो तसाच टॉवेल गुंडाळून, डोळे मिटून, कठड्याला धरत दोन जिने उतरला आणि म्हणाला की दुसऱ्याचा काही विचार आहे की नाही. आता खालच्याने सॉरी म्हणायचं की नाही? तो त्याच्या टकलाकडे बघून म्हणाला, "दादा, तुझ्या डोक्याला पाणी लागतं तरी किती?"

झालं. तो दिवस आणि आजचा दिवस. म्हणजे आजचा नाही, पण ते पुढे सांगते. नऊ महिने सख्खे भाऊ एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत. बोलायचं ते माझ्यामार्फत. वरून हाक यायची, आई, त्याला सांग मोटर लाव. मी दोन पायऱ्या उतरून सांगायची. खालून उत्तर यायचं, आई, त्याला सांग बटण इथेच आहे, पाय असतील तर ये म्हणावं. मी दोन पायऱ्या चढून सांगायची. (शब्द जरा मऊ करून सांगायची. पाय असतील तर हे मी गाळायची. पण जिना असा आहे की वरच्याला आधीच ऐकू आलेलं असायचं, आणि तरी तो माझ्या तोंडून ऐकायला थांबून राहायचा.) मग वरच्याने दुसरीकडे घर बघायला सुरुवात केली. मला कुणी विचारलं नाही. नातीने सांगितलं की आजी, नवीन घरात माझ्या खोलीला खिडकी आहे. मी म्हटलं छान, आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले, म्हणजे नाक ओढलेलं ऐकू जात नाही. यांनी तीन मजले बांधले ते काय वरचा मजला रिकामा ठेवायला? त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, त्याने जायच्या आत हे दोघं एकदा तरी समोरासमोर बोलले पाहिजेत. भांडले तरी चालेल, पण माझ्याशिवाय.

आता रक्तदाबाकडे येते. मूळ विषय तो आहे. एक दिवस मोठ्या हॉस्पिटलातली एक मुलगी मशीन घेऊन दारावर आली. साठीच्या पुढच्या लोकांचा रक्तदाब घरी जाऊन मोजत होती. काखेत सतत एक वही, म्हणून मी तिला वहीवाली म्हणते. माझ्या दंडाला पट्टा बांधला तेव्हा जिन्यात मोटरवरून जुंपली होती आणि मी पट्टा बांधलेल्या हातानेच निरोप पोचवत होते. आकडा आला एकशे अडुसष्ट. वहीवाली घाबरली आणि मला हॉस्पिटलात बोलावलं. तिथे मोजला तर एकशे बावीस. पुन्हा घरी येऊन मोजला, एकशे सत्तर. पुन्हा हॉस्पिटलात, एकशे चोवीस. मला वाटलं आता ही चिडणार, मशीन खराब केलंत म्हणणार. तर तिचा चेहरा असा उजळला की विचारू नकोस, आणि ती म्हणाली, "आजी, तुम्ही आमच्या फार कामाच्या आहात."

धाकटे, हे वाक्य मी शेवटचं कधी ऐकलं होतं ते आठवत बसले, आठवलं नाही.

मग तिच्या वरच्या डॉक्टर, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांनी मला समजावून सांगितलं. बऱ्याच लोकांचा दाब डॉक्टरला बघून चढतो आणि घरी गेल्यावर उतरतो. पण काहींचं उलटं असतं, हॉस्पिटलात गुणी आणि घरी चढेल. (मी म्हटलं, माझी मुलंही तशीच आहेत, बाहेर विचारा, लोक तोंड भरून कौतुक करतात.) असा लपलेला दाब जास्त वाईट, कारण डॉक्टरला दिसतच नाही, आणि तो असा का वागतो यावरच त्यांचं संशोधन चाललंय. मला म्हणाल्या, या प्रयोगात भाग घ्याल का? मी म्हटलं घेते, किती वाजता सुरू होतो आणि पहिल्या रांगेतली खुर्ची मिळेल का, कारण मागून मला ऐकू येत नाही. मग कळलं की नाटकाचा प्रयोग नव्हे. अकरा पानांचा कागद होता, प्रत्येक पानावर सही. अंगठा चालेल म्हणाल्या. मी म्हटलं चालणार नाही, आणि अकराच्या अकरा सह्या पूर्ण नावाने केल्या. त्यात पाऊण तास गेला. मागे रांग लागली होती, पण संशोधन म्हटल्यावर घाई करून कसं चालेल.

मोठ्या बाई सांगायला लागल्या की हृदय म्हणजे पंप, नसा म्हणजे पाइप, पाइप अरुंद झाला की पंपाला जोर लावावा लागतो आणि सगळीकडचा दाब बिघडतो. त्या रक्ताचं सांगत होत्या आणि मला आमचा जिना दिसत होता. आणि वर त्यांनीच विचारलं की आजी, घरात काही ताण आहे का? आता विचारलंच आहे म्हटल्यावर मी चाळीस मिनिटं सांगितलं. वरचा असं करतो, खालचा तसं करतो, वरचा चढला की खालचाही चढतो, दोघांच्या मधे मी कशी चेपते, सगळं. बाई मान डोलावत होत्या आणि लिहून घेत होत्या. आठवड्याने वहीवाली मशीन आणि एक छापील वही घेऊन घरी आली. वही उघडली तर पानावर तीन रकाने: वरचा, खालचा, शेरा.

तुला खोटं वाटेल, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं मोठं हॉस्पिटल, रोज हजार माणसं येणार-जाणार, आणि त्यांनी माझ्या दोन पोरांसाठी रकाने छापून घेतले.

वहीवालीने नीट समजावून सांगितलं, हे मी मान्य करते. रोज सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीला टेकवायचे, पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, आणि मग वरचा किती आणि खालचा किती ते वहीत लिहायचं. लिहायला चुकलं तरी घाबरू नका, म्हणाली, मशीनच्या पोटात सगळं साठलेलं राहतं, बारा आठवड्यांनी काढून बघू. आता तूच सांग, यात माझं काय चुकलं? मशीन आपलं आपण लक्षात ठेवणार, म्हणजे ते त्याचं काम. वही माझ्या हातात, म्हणजे हे माझं काम. मशीनच्या काचेवर काही आकडे यायचे खरे, पण ते बारीक, आणि दुसऱ्याचं उघडं पत्र वाचू नये तसं मी त्याकडे बघत नसे. मी इमानाने पट्टा बांधायची, मशीन घुं करून हात आवळायचं, आणि मी वहीत लिहायची, वरच्याचे निरोप किती, खालच्याचे किती. सोमवार सकाळ: वरचा चौदा, खालचा नऊ. संध्याकाळ: वरचा सोळा, खालचा दहा. माझी पोरं निरोपांच्या बाबतीत फार नियमित. वरच्याचे बाराच्या खाली गेले नाहीत आणि खालच्याचे अकराच्या वर गेले नाहीत, कारण खालच्याच्या हातात बटण आहे आणि ज्याच्या हातात बटण असतं त्याला जास्त बोलावं लागत नाही.

दर मंगळवारी सकाळी नऊला वहीवालीचा फोन यायचा आणि मी आठवड्याचे आकडे वाचून दाखवायची. तिनेही मनाशी एक समजूत करून घेतली होती, ते आता कळलं. तिला वाटलं आजी शेवटचं शून्य खातात. मी म्हणायची चौदा आणि नऊ, ती लिहायची एकशे चाळीस आणि नव्वद. मला म्हणायची, आजी, फार वाईट नाही, पण जरा कमी व्हायला हवा. मी म्हणायची, बाई, मीही रोज तेच सांगते, पण ऐकतं कोण. ती म्हणायची, टेन्शन घेऊ नका. (हे वाक्य जो माणूस पहिल्यांदा बोलला तो मला भेटायला हवा. मी कुठे घ्यायला जाते? घरपोच येतं, दिवसातून दोनदा.) ती म्हणायची मीठ कमी करा. मी म्हणायची, करून बघते, पण त्याने वरचा ऐकेल असं वाटत नाही. असे आठ आठवडे आम्ही दोघी अगदी गुण्यागोविंदाने बोललो आणि आमचं एकही वाक्य एकमेकींना कळलं नाही.

नववा मंगळवार. सकाळी सहालाच वरचा जिना उतरला. माझ्या दाराशी थांबला, खिशात मोजपट्टी होती, म्हणाला, आई, आज नवीन घराची किल्ली मिळतेय, कपाटांची मापं घेऊन येतो. मी चहा विचारला, नको म्हणाला. नऊ महिन्यांत पहिल्यांदा वरून एकही हाक आली नाही. खालच्याला सगळं कळलं होतं, तरी सवयीने सात निरोप दिले त्याने, ते कुणाला सांगायचे हा प्रश्न होता. मी तसाच पट्टा बांधला, बटण दाबलं आणि वहीत लिहिलं, वरचा शून्य. त्या शून्यावरून मी पेन दोनदा फिरवलं.

नऊला फोन आला. वहीवाली म्हणाली, आज सकाळचा वरचा? मी म्हटलं, आज वरचा नाही. नाही म्हणजे, म्हणाली. म्हटलं, नाही म्हणजे शून्य लिही, सहालाच गेला. मग म्हणाली, आणि खालचा? म्हटलं, सात, पण तोही उतरलाय. (मला चेहरा म्हणायचं होतं.) तिने विचारलं, आजी, तुम्हाला कसं वाटतंय? इतक्या दिवसांत कुणीतरी विचारलं, तर खरं तेच सांगितलं की छातीत पोकळ वाटतंय, हातापायातलं बळ गेलंय, आणि आता तो परत यायचा नाही असं मन सांगतंय. तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ती म्हणाली, आजी, आडव्या व्हा, अजिबात हलू नका, आणि घरात जो असेल त्याला फोन द्या.

मी खालच्याला हाक मारून फोन दिला. त्याने ऐकलं आणि भिंतीला हात टेकला. तिने काय सांगितलं कोण जाणे, पण तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसा पाच वर्षांचा असताना बाजारात माझा हात सुटल्यावर बघत होता. मला काही बोलायचं होतं, पण माझी वाचाच बसली. मग त्याने स्वतःचा फोन काढला. नंबर शोधला नाही, धाकटे, त्याच्या बोटांना पाठ होता. म्हणाला, "दादा, आईला नेतायत. ये."

दादा हा शब्द आमच्या जिन्यात नऊ महिन्यांनी ऐकला.

ॲम्ब्युलन्स आणि वरचा एकदमच आले. वरच्याच्या एका बोटात नवी किल्ली अडकलेली आणि मोजपट्टी खिशातून बाहेर लोंबत होती. ॲम्ब्युलन्सबरोबर दोन माणसं, एक लांबोळका आणि एक गोलमटोल. त्यांचं स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर अडकलं, कारण तिथे वरच्याचं जुनं कपाट होतं आणि त्याच्या खाली खालच्याच्या शॉवरचं खोकं, नऊ महिने दोघांपैकी एकानेही हलवलं नव्हतं, का तर आधी त्याने हलवावं. लांबोळका म्हणाला, खुर्चीतून न्यावं लागेल, आणि जिना माहीत असलेली घरचीच दोन माणसं हवीत, नाहीतर आम्ही आजींना घेऊन थेट खालीच जाऊ. मग यांची जुनी खुर्ची आणली. वरच्याने पाठ धरली, खालच्याने पाय धरले आणि वळणावर खोळंबले. वरचा म्हणाला, डावीकडे घे. खालचा म्हणाला, तुझी डावी की माझी डावी? वरचा म्हणाला, आईची डावी. मग खालचा म्हणाला, जरा उंच धर, आणि वरचा म्हणाला, धरलंय रे, तू पायरी बघ. मी मधे, खुर्चीत, पहिल्यांदाच एकही निरोप न सांगता. बाकीच्या बायका पालखीत बसून काय सुख घेत असतील ते असतील, माझ्या खुर्चीसारखं नक्की नसेल.

हॉस्पिटलात सगळे धावत आले. पट्टा बांधला. एकशे बावीस आणि अठ्ठ्याहत्तर. दुसरं मशीन आणलं. एकशे वीस आणि अठ्ठ्याहत्तर. नळ्या आणल्या, तारा चिकटवल्या, छातीचा आलेख काढला. काही सापडेना. मोठ्या बाई वहीवालीकडे बघत होत्या, वहीवाली माझ्याकडे बघत होती आणि मी छताकडे. शेवटी बाईंनी वही मागितली. खालच्याने येताना मशीन आणि वही दोन्ही पिशवीत टाकून आणलं होतं, कारण फोनवर तसं सांगितलं होतं. बाईंनी वही उघडली आणि डॉक्टर लोक वाचतात तशा सपाट आवाजात शेऱ्याचा रकाना वाचायला लागल्या. दोन्ही पोरं माझ्या खाटेच्या दोन बाजूंना उभी.

सोमवार सकाळ. वरचा चौदा, खालचा नऊ. वरचा म्हणतो, त्याला सांग माझ्या नळाला नुसती हवा येते. खालचा म्हणतो, त्याला सांग हवा फुकट आहे. गुरुवार संध्याकाळ. वरचा सोळा, खालचा अकरा. दोघांचे आवाज बसलेत तरी आकडा कमी नाही. शनिवार सकाळ. वरचा बारा, खालचा आठ. माझा गुडघा. रविवार संध्याकाळ. वरचा सतरा, खालचा दहा. लहानपणी दोघं एका बादलीत आंघोळ करायचे, पाणी उरायचं.

इथे बाई थांबल्या. वहीवालीच्या तोंडचं पाणी पळालं होतं, तिला कळलं होतं की आठ आठवडे आपण निरोपांना शून्य लावत बसलो. खालचा खाटेच्या चाकाकडे बघत होता. वरचा मोजपट्टी उलगडत होता आणि गुंडाळत होता. मग बाईंनी मशीनच्या पोटातले खरे आकडे काढले आणि वहीशेजारी ठेवले. जिथे निरोप बारा, तिथे माझा दाब एकशे पन्नास. जिथे सतरा, तिथे एकशे बहात्तर. बाई म्हणाल्या, एका आजीवरून शास्त्र होत नाही, पण या आजींचा आकडा तुमच्या मागेमागे चालतो, हे दिसतंय. आणि मग त्यांनी त्या मंगळवार सकाळवर बोट ठेवलं. निरोप वरचा शून्य. माझा दाब एकशे शहाऐंशी, आठ आठवड्यांतला सगळ्यात मोठा. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, शांतता असून हा एवढा का, याचं कारण आम्हाला सांगता येणार नाही.

मला सांगता आलं असतं. पण मला कुणी विचारलं नाही, आणि त्यांच्या वहीत चौथा रकाना नव्हता. वरच्यालाही बहुतेक सांगता आलं असतं. त्याने बोटातली किल्ली काढली आणि खिशात टाकली. मग खालच्याला म्हणाला, "तो प्लंबर कुठला बोलावला होतास तू?"

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. त्याने गच्चीवर जाऊन बघितलं आणि खाली येऊन म्हणाला, खालचा दाब जास्त आहे, वरचा कमी आहे, पाइप अरुंद आहे. मी म्हटलं, बाबा, तू ते हॉस्पिटलात सांगितलं असतंस तर माझे आठ आठवडे वाचले असते. टाकीपासून वरच्यासाठी वेगळा रुंद पाइप टाकला. आता वरच्यानेही छत्रीएवढा शॉवर घेतलाय आणि खालच्याला वर बोलावून दाखवला. म्हणाला, डोकं तेवढंच आहे, पण धार बघ. दोघं हसले. मी जिन्यात उभी राहून ऐकलं. नवीन घराची किल्ली परत गेली आणि नातीला वरच्या मजल्यावरच खिडकीची खोली मिळाली.

चीड एकाच गोष्टीची आहे. माझी वही संशोधनातून बाद केली. आठ आठवडे, रोज दोनदा, माझ्या हातचं सुवाच्य अक्षर, आणि वर लाल पेनाने बाद. मी बाईंना म्हटलं, तुम्ही कारण शोधत होतात ना, ते वहीत लिहिलेलंच आहे की. त्या म्हणाल्या, आजी, आकडे चुकीचे आहेत. मी म्हटलं, आकडे बरोबर आहेत, तुमचे रकाने चुकीचे आहेत. आता सगळ्यांच्या नवीन वह्यांवर पहिला आकडा, दुसरा आकडा असं छापलंय. वहीवालीला रागावतील म्हणून मला धाकधूक होती, पण नाही रागावल्या. मशीनच्या पोटातले आकडे घेऊन मला प्रयोगात ठेवलंय. शेऱ्याची पानं मात्र वहीवालीने स्वतःसाठी झेरॉक्स करून नेली. तिलाही घरी दोन भाऊ आहेत म्हणे.

हात दुखला, थांबते. सगळ्यांना आशीर्वाद, जो हसेल त्याला दोन जास्त.

तुझी,
ताई

ता. क. वर माझी वाचा बसली असं लिहिलंय ते तेवढं खरं धरू नकोस. वाचा दोन मिनिटंच बसली होती. वहीवाली काय समजलीय ते खालच्याच्या चेहऱ्यावरून माझ्या ध्यानात आलं होतं आणि मी तोंड उघडणारही होते, इतक्यात तो दादा म्हणाला. मग मिटलं. तेव्हापासून खुर्चीत बसेपर्यंत मी डोळे मिटून पडले होते ते आपल्या दोघींतच ठेव. लांबोळक्या आणि गोलमटोलची मी नंतर माफी मागितली आणि मोठ्या बाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, असं पुन्हा करू नका. मी म्हटलं, तिसरा मुलगा नाहीये मला.

ता. क. दुसरा. सगळं गोड झालं असं समजू नकोस. मला गोळी सुरू झालीय, सकाळी एक. आणि वरचा-खालचा आता एक झालेत, ते माझ्याविरुद्ध. एक मिठाचा डबा लपवतो, दुसरा तो शोधायला मदत करत नाही. जिना चढू नको, ओरडू नको, चहा अर्धा. आधी दोघांकडून निरोप यायचे, आता दोघांकडून एकच निरोप येतो आणि तो मलाच असतो. मोठ्या बाई म्हणाल्या होत्या की वरच्यात आणि खालच्यात चाळीसभराचं अंतर असलेलं बरं, फार जवळ येणं चांगलं नव्हे. तेव्हा मला वाटलं रक्तदाबाचं सांगतायत.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं याच्यासाठी आहे. बाकीचं मी तुला बसून वाचावंसं वाटावं म्हणून लिहिलं. नवीन कागदावर एक रकाना आहे, आई-वडील आणि सख्खी भावंडं, कुणाचा दाब किती. आईच्या पुढे मी काय लिहिणार? तिचा कुणी कधी मोजलाच नाही. चुलीपाशी बसल्या बसल्या गेली, अठ्ठावन्नाची होती, आणि त्याच्या आधी वर्षभर सकाळी तिची मान ठणकायची. ती म्हणायची उशी बरोबर नाही. तू तेव्हा लांब सासरी होतीस, मी जवळच होते, म्हणून तुला माहीत नाही. आईने तीन उशा बदलल्या, धाकटे. मी मोजल्या आहेत. तुझी दुसरी चालू आहे.

तुझ्यापुढचा रकाना मी रिकामा ठेवू दिला नाही. वहीवालीकडून पेन्सिल घेऊन तिथे "येते आहे" असं लिहिलंय. येताना काही आणू नकोस. पट्टा बांधायला डावा हात पुरे.